गुलमोहर पडला, आता तिथे काय लावायचं?

पाचपाखाडीतल्या आमच्या गल्लीत जुलैच्या वाऱ्यात गुलमोहर आडवा झाला. मुळं बघितली तर बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, पसरायला जागाच नाही. तेव्हा नवीन झाड लावण्याआधी बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी करून घ्या.

मग वर बघा. डोक्यावर तारा असतील, फुटपाथ अरुंद असेल, तर ताम्हण किंवा बहावा. ताम्हण आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात जांभळं होतं, आणि झाड आवाक्यात राहतं. जागा मोकळी असेल तर करंज, कडुनिंब. बकुळ सावकाश वाढते, पण सावली दाट. सप्तपर्णी मात्र खिडकीजवळ नकोच. पावसाळा सरला की रात्री तिचा वास काहींचं डोकं उठवतो. (आमच्या काकूंना मात्र तो आवडतो.)

रोप पुरुषभर उंचीचं घ्या, गुडघ्याएवढं रोप रस्त्यावर टिकत नाही. नर्सरीत पिशवीच्या तळाशी नजर टाका. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर दुसरं मागा, असं झाड पुढे वाऱ्यात उन्मळतं. लावायचं जूनमध्ये, दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर. आधाराची काठी सुतळीने सैल बांधा. तार खोडात रुतते. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे आधीच ठरवा. आमच्याकडे इस्त्रीवाल्या दादांनी घेतलंय.

जुनं झाड धोकादायक वाटलं तरी परस्पर तोडू नका. 1975 च्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जासोबत फोटो जोडा.