इष्टतम उत्तर आहे असं धरून चालताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी धन पूर्णांक संख्या १ आहे, हे दोन ओळींत 'सिद्ध' करता येतं. समजा ती संख्या न आहे. न जर १ पेक्षा मोठी असेल तर न² तिच्याहून मोठी ठरते, हा विरोधाभास; म्हणून न = १. प्रत्येक पायरी बरोबर आहे, घोळ आहे तो पहिल्या 'समजा'त. जर्मन गणिती ऑस्कर पेरॉन यांच्या नावाने हा विरोधाभास ओळखला जातो. कंट्रोलच्या (एखादी यंत्रणा वेळेनुसार कशी चालवायची, या विषयाच्या) असाइनमेंटांमध्ये नेमका हाच युक्तिवाद सर्रास सापडतो: पॉन्त्रियागिनचं तत्त्व लावलं, एकच उमेदवार उरला, म्हणून तोच इष्टतम. ते तत्त्व एवढंच म्हणतं की इष्टतम नियंत्रण (सर्वांत कमी खर्चात यंत्रणा चालवण्याची रीत) असेल, तर ते या अटी पाळेल.

आणि ही काही फक्त विद्यार्थ्यांची चूक नाही. ठरावीक परिमितीत सर्वाधिक क्षेत्रफळ कोणत्या आकृतीचं, या प्रश्नावर १९व्या शतकात याकोब स्टाइनर यांनी दाखवलं की वर्तुळ नसलेली कोणतीही आकृती घ्या, तिच्यात सुधारणा करता येते. यावरून वर्तुळच उत्तर, असं त्यांनी ठरवलं. सर्वोत्तम आकृती मुळात असते का, हे मात्र राहून गेलं. ती उणीव पुढे वायरश्ट्रास यांनी भरून काढली. वर्तुळ हे उत्तर बरोबरच होतं, सिद्धता अपुरी होती.

आता सगळ्यात जास्त डोकेदुखी देणारा प्रकार. सॉल्व्हर (उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर) चालवला, ग्रिड (वेळेचे केलेले तुकडे) बारीक केली, खर्च (जे मूल्य किमान करायचं ते) कमी होत गेला, पण नियंत्रणाचा आलेख दर वेळी आणखी दातेरी झाला. बहुतेक जण इथे टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) बदलतात, सुरुवातीचा अंदाज बदलतात, शेवटी सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. त्याआधी हे छोटं उदाहरण हाताने सोडवून पाहा.

स्थिती क्ष शून्यापासून सुरू होते. तिचा वेग व फक्त +१ किंवा −१ असू शकतो. ० ते १ या वेळेत क्ष² चं समाकलन किमान करायचं आहे. ग्रिडचे ५० भाग केले आणि दर भागाला चिन्ह बदललं, तर खर्च १/७५०० येतो. १०० भागांना १/३००००. भाग म असतील तर १/(३म²). म्हणजे इन्फिमम (खर्च ज्याच्या हवा तितका जवळ जातो, पण खाली जात नाही, ती सीमा) शून्य. पण खर्च खरोखर शून्य व्हायचा तर क्ष सतत शून्य हवा, म्हणजे वेगही शून्य हवा, आणि त्याला परवानगीच नाही. किमान गाठणारं नियंत्रण अस्तित्वात नाही. पॉन्त्रियागिनची समीकरणं लिहा: सहचल प (तत्त्वातली साहाय्यक राशी; व चं चिन्ह तिच्या चिन्हावरून ठरतं) चा दर २क्ष, आणि शेवटी प शून्य हवा. प एकदा धन झाला की व = +१, क्ष वाढतो, प आणखी वाढतो; शून्यावर परत येतच नाही. ऋण बाजूलाही तेच. शूटिंग पद्धत (सुरुवातीचा प अंदाजाने घेऊन शेवटची अट जुळवत जायची) इथे कितीही वेळ चालवा, हाती काही लागणार नाही.

उपाय दोन. एक, वेगाला −१ ते +१ मधली सगळी मूल्यं द्या; मग व = ० हेच उत्तर. पीडब्ल्यूएम (भराभर ऑन-ऑफ करून सरासरी साधण्याचं तंत्र) वापरणाऱ्यांना हे नवं नाही, अर्धा वेळ ऑन आणि अर्धा वेळ ऑफ म्हणजे सरासरी मधली किंमत. दुसरा उपाय, प्रत्येक स्विचिंगला, म्हणजे चिन्ह बदलण्याला, खर्च लावा. खऱ्या रिलेला (विद्युत स्विचला) तो असतोच.

पण इथेच पुढची चूक टपलेली असते: 'नियंत्रणाचा संच कॉन्व्हेक्स (कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड आतच राहतो असा) आहे, म्हणजे फिलिपॉव्हचं प्रमेय (इष्टतम उत्तर कधी नक्की असतं हे सांगणारं) लागू.' वरच्याच उदाहरणात व ला −१ ते +१ पूर्ण मोकळीक द्या, पण खर्चात (१ − व²)² मिळवा. संच कॉन्व्हेक्स, तरी उत्तर पुन्हा गायब, कारण आता व = ० महाग झाला आणि सॉल्व्हर पुन्हा ±१ मध्ये धावाधाव करतो. पाहायचा असतो तो वेग आणि खर्च यांचा मिळून बनलेला संच: दर स्थितीला वेग आणि त्या वेगाचा खर्च किंवा त्याहून जास्त, अशा सगळ्या जोड्या. तो कॉन्व्हेक्स हवा.

प्रमेयाच्या बाकीच्या अटीही नुसत्या शोभेच्या नाहीत. नियंत्रणाला मर्यादाच नसेल तर किमान वेळेच्या प्रश्नात इन्फिमम शून्य येऊन बसतो. क्ष चा दर क्ष² असेल तर मार्ग मर्यादित वेळेतच अनंताला जाऊ शकतो. आणि अटी पाळणारा एक तरी मार्ग आहे का, हे आधी बघा. ते तपासायचं आश्चर्यकारकरीत्या राहून जातं.

सर्वांत छोटा मार्ग असतो का, हा भूमितीतला असाच प्रश्न; तिथे कॉम्पॅक्टनेसच्या (संच मर्यादित आणि बंदिस्त असण्याच्या) जागी पूर्णता, म्हणजे जागेतून बिंदू गायब नसणं, येते. प्रतलातून आरंभबिंदू काढून टाका. (−१, ०) पासून (१, ०) पर्यंतच्या मार्गांच्या लांबीचा इन्फिमम २, पण तेवढ्या लांबीचा मार्ग नाही. १९३१ चं हॉफ–रिनॉव्ह प्रमेय सांगतं की जोडलेली रीमान बहुविधा (लांबी मोजता येणारी, वक्रही असू शकणारी जागा) पूर्ण असेल तर हा प्रकार होत नाही.

शेवटची चूक उलटी आहे: सॉल्व्हर छान एका उत्तरावर स्थिरावला, म्हणजे काम झालं असं समजणं. गणिती मानिया यांचं १९३४ चं उदाहरण घ्या: वेळ ट ० ते १ मध्ये (क्ष³ − ट)² गुणिले वेगाचा सहावा घात, याचं समाकलन किमान करा, क्ष ० पासून १ पर्यंत जायला हवा. क्ष म्हणून ट चं घनमूळ घेतलं की खर्च शून्य. पण सरळ तुकड्यांनी बनलेल्या कोणत्याही वक्राचा खर्च एका ठरावीक धन संख्येखाली उतरत नाही, तुकडे कितीही बारीक करा. याला लाव्हरेंत्येव्ह घटना म्हणतात. इथे उत्तर आहे, आणि ग्रिड त्याच्याजवळ पोहोचत नाही. सुरुवातीला वेग अनंताकडे जाताना दिसला, तर ग्रिड आणखी बारीक करण्यात वेळ घालवू नका; चल बदला, म्हणजे क्ष³ लाच नवी स्थिती माना आणि प्रश्न पुन्हा लिहा.