कारखान्यात वीज वाचवायची म्हणता? मग आधी या चुका टाळा

एक काम करा. पुढच्या सुटीला सगळी मशीनं बंद असताना कारखान्यात जा, मेन मीटरचं रीडिंग घ्या, तासाभराने परत घ्या. काहीच बनत नसताना जेवढे युनिट पडले ते कशात गेले, हे जोवर सांगता येत नाही तोवर सोलर, नवीन मोटर, बोर्डावर लावायची सर्टिफिकेटं यातलं काहीही घेऊ नका. मी बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि बहुतेक ठिकाणी गडबड इथेच सुरू होते, मोजायच्या आधी खरेदी.

आता "आमचा किलोमागे वीजवापर कमी झाला" हे वाक्य घ्या, मीटिंगमध्ये लोक टाळ्या वाजवतात याच्यावर. समजा एका महिन्यात १० हजार किलो माल काढला आणि ६० हजार युनिट लागले, म्हणजे किलोला ६. पुढच्या महिन्यात २० हजार किलो काढला आणि ८० हजार युनिट लागले, म्हणजे किलोला ४. वा! पण सुधारलं काहीच नाही हो, फक्त ऑर्डर वाढली. नीट बघितलं तर जास्तीच्या १० हजार किलोला २० हजारच युनिट लागलेत, म्हणजे माल बनवायला किलोला २ पुरतात आणि उरलेले ४० हजार युनिट कारखाना नुसता जागा ठेवायला जातात. वर्षभराचे आकडे ग्राफवर टाका, आडवं उत्पादन, उभे युनिट, आणि रेघ मागे शून्यापर्यंत ओढा, ती जिथे उभ्या अक्षाला लागते तो तुमचा फुकटचा लोड. सगळाच फुकटचा नसतो म्हणा, सर्व्हर, कोल्ड रूम, सिक्युरिटीचे दिवे हे राहणारच, पण एवढा मोठा आकडा त्यांचा नसतो.

मग तो कुणाचा? पहिला संशय कॉम्प्रेसरवर, म्हणजे हवा दाबून पाइपलाइनीत भरणाऱ्या मशीनवर घ्या. हवा फुकट असते असं वाटतं म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, पण दाबलेली हवा ही कारखान्यातल्या सगळ्यात महागड्या ऊर्जांपैकी एक, दिलेल्या विजेतलं जेमतेम १०-१५ टक्के काम हवेवर चालणाऱ्या टूलपर्यंत पोचतं, बाकी सगळं उष्णता होऊन जातं. ७ बार दाबाच्या (बार हे दाबाचं माप) हवेच्या लाइनला ३ मिमीचं एक भोक असेल तर साधारण ३ किलोवॅट तिथून निघून जातात, आणि लाइन वर्षभर भरलेली ठेवत असाल तर २६ हजार युनिट. एका भोकाचे! आणि त्याच हवेने लोक कपडे झटकतात, फरशी साफ करतात, पंखा म्हणून अंगावर घेतात (हे धोकादायक पण आहे, करू देऊ नका).

लीकेज किती हे शोधायला महागडं काही लागत नाही. हवा वापरणारं सगळं बंद, कॉम्प्रेसर चालू, हातात घड्याळ. किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) जातो ते आठ-दहा वेळा लिहून काढा. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड येत असेल तर कॉम्प्रेसरची पाव हवा नुसती गळतीला जातेय. नंतर होज, कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह, एफआरएल (मशीनआधीचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचा संच) यांना साबणाचं पाणी लावत फिरा, गळती सहसा मेन पाइपात कमी आणि या शेवटच्या चार फुटांत जास्त असते.

आता खरा प्रॉब्लेम, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो: "लीकेज सगळे बंद केले, बिल तेवढंच." दोन कारणं. एक म्हणजे फिक्स्ड स्पीडचा (एकाच वेगाने फिरणारा) स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडला गेला म्हणजे थांबला असं नाही, तो हवा न देता पण फुल लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातच राहतो, कधी जास्तही. तीन चालत असतील आणि दोघांत भागत असेल तर तिसरा चक्क बंद करावा लागतो, त्याच्या मनाने तो बंद होत नाही. दुसरं, गळती कमी झाली की लाइनमधला दाब चढतो आणि उरलेल्या भोकांतून जास्त हवा जायला लागते, म्हणून दुरुस्तीनंतर प्रेशर सेटिंग खाली आणायचंच. ७ बारच्या आसपास १ बार कमी केला की ६-७ टक्के वीज वाचते.

व्हीएफडीबद्दल (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) थोडं बोलू, कारण ते प्रत्येक मोटरला लावायची फॅशन आलीय. पंखा किंवा ब्लोअर असेल, हवा कमी-जास्त लागत असेल आणि सध्या डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा बंद करून चालवत असाल तर जरूर लावा, स्पीड ८० टक्क्यांवर आणला की पॉवर जवळपास निम्मी होते कारण ती स्पीडच्या घनात पडते. पण मोटर कायम पूर्ण लोडवरच पळणार असेल तर ड्राइव्हचा स्वतःचा दोन-चार टक्के लॉस अंगावर पडतो एवढंच. पंप उंच टाकीत पाणी चढवत असेल तर हा घनाचा हिशोब धरूच नका, उंची काही कमी होत नाही. कॅपॅसिटरचं पण तसंच, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला लागते त्याचं प्रमाण) सुधारतो, तो खराब असल्याने बिलात पडणारा जादा खर्च जातो, केबल थोडी थंड राहते, पण मोटर खरोखर खाते ते युनिट (kWh) त्याने कमी होत नाहीत, कुणी तसं सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बॉयलरवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं परत झालेलं पाणी, गटारात सोडणं. ते गरम असतं, शुद्ध असतं, केमिकलचा खर्च त्यावर आधीच झालेला असतो, आणि फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) ६ डिग्रीने गरम गेलं तरी साधारण १ टक्का इंधन वाचतं. चिमणीचं तापमान हळूहळू चढत असेल तर आत काजळी नाहीतर ट्यूबवर स्केल (क्षारांचा थर) धरलंय. बर्नरला जास्तीची हवा देऊन "ज्योत छान दिसते" म्हणणारे पण असतात, ती सगळी हवा आपण गरम करून आकाशात सोडतो.

पाण्यात एकच सांगतो: धुलाईच्या दोन-तीन टाक्या असतील तर ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि तेच मागे मागे येऊ द्या, प्रत्येक टाकीला वेगळा नळ नको. आणि जहाल सांडपाणी साध्यात मिसळून पातळ करू नका, ईटीपीला (सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटला) मग सगळंच जहाल म्हणून साफ करत बसावं लागतं.

रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, कुणीच ऊर्जेच्या हिशोबात धरत नाही. परत वितळवलेल्या तुकड्यात पहिल्या वेळची भट्टी, हवा, पाणी सगळं गेलेलं असतं, म्हणजे स्क्रॅप निम्मं करणं हे कधी कधी नव्या मोटरपेक्षा भारी पडतं.

आणि केलेली सेटिंग टिकत नाही, हे धरून चाला. एका ठिकाणी आम्ही प्रेशर ६ वर आणलं, दोन महिन्यांनी बघतो तर परत साडेसात, कुणी वाढवलं कुणालाच माहीत नाही. मग पॅनेलला एक वही बांधली, सेटिंग बदललं की तारीख, शिफ्ट, कारण लिहायचं, ओरडायचं कुणावर नाही. पहिलं पान भरायच्या आत कळलं की दर वेळी एकाच मशीनचा एअर लो अलार्म येतोय आणि शिफ्टवाला बिचारा अख्ख्या कारखान्याचा दाब वाढवून तो गप्प करतोय. त्या मशीनचा फिल्टर चोक होता. तेवढा बदलला आणि ६ वर सगळं निवांत चालायला लागलं.