मुलांना विधेयक शिकवताना या चुका टाळा

वर्गात विधानसभेचं नाटक बसवून विधेयक, म्हणजे कायद्याचा मसुदा, शिकवताना बहुतेक वेळा विषयच चुकतो. 'झाडे लावा' म्हटलं की सगळा वर्ग हात वर करतो आणि दहा मिनिटांत तास आटोपतो. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडच्या मुलांना बोअरचं विधेयक द्या: "शेतात 200 फुटांपेक्षा खोल बोअर घेऊ नये." केळीवाल्याची पोरं एका बाजूला, कोरडवाहू कपाशीवाल्याची दुसऱ्या बाजूला, अशी चर्चा आपोआप पेटते. अहिराणी किंवा पावरी या तिकडच्या बोलींत बोलणाऱ्याला गप्प करू नका. प्रमाण मराठीत नीट मांडता येत नसेल, तर विधानसभेचे अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. संविधानाच्या अनुच्छेद 210 मध्येच ती सोय आहे.

सर्वांत मोठी चूक दुसरं वाचन, म्हणजे विधेयकावर कलमवार चर्चेचा टप्पा, गाळण्याची. विधेयक मांडलं, हात वर झाले, राज्यपालांनी सही केली, एवढंच नाटक बसवतात. कायदा घडतो तो खंडशः, म्हणजे एकेका कलमावरच्या, चर्चेत. चारच खंड ठेवा: नाव, बंदी, सूट, दंड. एकेक खंड फळ्यावर लिहून त्यावर वेगळं मत घ्या. दुरुस्ती तोंडी नको, कागदावर हवी: "खंड 3 मध्ये 'शेतकरी' याऐवजी 'ग्रामपंचायतीची पिण्याच्या पाण्याची योजना' हे शब्द घालावेत." 'थोडी सूट द्यावी' असं कोणी लिहून आणलं तर कागद परत करा; सूट कोणाला आणि किती फुटांपर्यंत, हे त्यात नाही. मुलं इथेच अडतात, म्हणून निम्मा तास इथेच घालवा.

चाळीसच्या वर्गात 30 जणांची विधानसभा, 8 जणांची विधान परिषद (दुसरं सभागृह), एक राज्यपाल, एक सचिव. बहुमत पटावरच्या नव्हे, हजर राहून मत देणाऱ्यांचं मोजा. अध्यक्ष मत देतो ते फक्त समसमान झाल्यावर.

दिल्लीचे नियम मुंबईला लावू नका. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक संसदेत होते, राज्यात नाही. विधान परिषद साधं (धन विधेयक नसलेलं) विधेयक आधी 3 महिने आणि विधानसभेनं पुन्हा मंजूर केल्यावर 1 महिना अडवू शकते. पुढे विधानसभेचंच चालतं.

ग्रामसभेचा ठराव किंवा शासन निर्णय म्हणजे विधानमंडळाचा कायदा नव्हे, हेही सांगा. आणि सहीपाशी थांबू नका. राज्यपाल विधेयक फेरविचाराला परत पाठवू शकतात, राष्ट्रपतींसाठी राखूनही ठेवू शकतात. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालणाऱ्या राज्याच्या भूजल कायद्याच्या नावात 2009 आहे, पण तो लागू झाला 2014 मध्ये. म्हणून खंड 1 मध्ये नावाबरोबर 'कधीपासून लागू' हेही मुलांकडून लिहून घ्या.