बॉनेट कापायला निघालात? या चुका टाळा

मे महिन्यात वाईहून पसरणी घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर गेला, की साताऱ्यात कुणी ना कुणी सांगतंच, ‘बॉनेटला जाळ्या पाड.’ पाडा, पण कुठे ते आधी ठरवा.

बहुतेक जण तिथेच चुकतात. वायपरजवळ भोकं पाडली की गरम हवा निघून जाईल असं वाटतं. उभ्या गाडीत जातेही. पण गाडी पळू लागली की वारा काचेवर अडतो, तिथे दाब वाढतो आणि हवा उलट आत शिरते. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलणं हाही तोच प्रकार. मी केलाय. केबिनची ताजी हवा काचेच्या बुडापासूनच घेतली जाते, त्यामुळे आठवडाभर एसीतून तापलेल्या ऑइलचा वास येत होता! दाब कमी असतो तो बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडं मागे. तिथली जाळी गरम हवा खरोखर बाहेर ओढते.

दुसरी गल्लत म्हणजे इंजिन तापणं आणि इंजिनात जाणारी हवा तापणं एकच समजणं. ही हवा 10 अंशांनी गार झाली तर तिची घनता साधारण 3 टक्क्यांनी वाढते, आणि दाट हवेने ताकद वाढते, म्हणून लोक तिच्यामागे लागतात. पण कंपनीचा एअर फिल्टर बंद डब्यात असतो आणि त्याची नळी बहुधा पुढूनच बाहेरची हवा घेते. अशा गाडीला साधं बॉनेट पुरतं. उघडा कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा) लावला असेल तर फरक पडतो; तरी आधी त्याला पत्र्याचा आडोसा करा, स्वस्तात काम होतं.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून हायवेवर बघा. इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंशच जास्त असेल तर पत्रा कापून काही हाती लागणार नाही. पोवई नाक्यावर उभं राहून घेतलेला आकडा धरू नका.

स्कूपचं, म्हणजे बॉनेटवरच्या हवा आत घेणाऱ्या उंचवट्याचं, गणित निराळं. जुन्या फॉर्च्युनरचा स्कूप इंजिनावरच्या इंटरकूलरला (टर्बोतून येणारी हवा गार करणाऱ्या भागाला) हवा देतो. खाली इंटरकूलर नसताना तसा स्कूप उघडा ठेवला, तर रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचीच वाट अडू शकते.

आणि काटा चढतोय म्हणून कापणार असाल, तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं उसाचं पाचट काढा, फॅन फिरतो का बघा, कूलंट तपासा. एवढं करूनही कापायचंच ठरलं, तर बॉनेटखालचा सांगाडा तोडू देऊ नका आणि जाळीखाली पन्हळ बसवून घ्या. नाहीतर महाबळेश्वरचा पाऊस थेट ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलवर पडतो.