एका स्लाइडवर दोन जातींच्या पेशी

आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेल्या, जीवाणूंसारख्या) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या, आपल्यासारख्या) पेशींमधला फरक मुलं तक्ता पाठ करून लिहितात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही शाळेत तो प्रत्यक्ष दाखवता येतो. जीवाणू वाढवायची गरज नाही, ते तोंडात असतातच.

आधी चूळ भरा. नव्या टूथपिकच्या बोथट टोकाने हिरडीलगतचं पांढरट किटण घ्या, मग गालाची आतली बाजू हलकेच खरवडा. रक्त येता कामा नये. प्रत्येकाने स्वतःचंच तोंड वापरायचं, काडी लगेच ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायची.

स्लाइडवर पाण्याच्या छोट्या थेंबात काडी फिरवून रुपयाएवढा पातळ थर पसरवा. थर जाड झाला की पेशी एकमेकींवर चढतात आणि नुसता निळा गिचका दिसतो. आता वाळवणं, आणि इथे घाई नको. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात थर लवकर वाळत नाही. ओलीच स्लाइड ज्योतीवर धरली तर पाणी उकळून पेशी फुटतात. पूर्ण वाळल्यावरच खालची बाजू स्पिरिटच्या दिव्यावरून तीनदा झरकन फिरवा. काच तळहाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतकीच तापावी.

०.३ टक्के मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचे २ थेंब घालून १ मिनिट थांबा. पाण्याची बारीक धार कडेने सोडा, थरावर नको. पुसू नका, टिपकागदाने टिपा.

१०च्या भिंगाने पेशी शोधा, मग ४०चं लावा. गालाची पेशी म्हणजे साधारण ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिका निळा, वेडावाकडा पापुद्रा. मधोमध एकच गडद ठिपका, तो केंद्रक. तिच्यावर आणि आजूबाजूला दिसतात ते सुमारे १ मायक्रॉनचे जीवाणू: भाकरीवर तीळ लावावेत तसे, कुठे जोडीने, कुठे माळेने. आकारांचं प्रमाणही जवळपास तेच.

मुलं विचारतात, जीवाणूत केंद्रक कुठे? तो नसतोच. डीएनए पटलाविना पेशीद्रवातच असतो. डीएनए आणि रायबोसोमांतला (प्रथिनं बनवणाऱ्या कणांतला) आरएनए दोन्ही हा रंग धरतात, म्हणून इवलासा जीवाणू सगळाच गडद दिसतो. कडा धारदार, आकार लहानमोठे आणि रंग काळपट असेल तर ते रंगाचे खडे. रंग गाळून घ्या.

जीवाणू दाखवायला दही आणू नका असं नाही, पण त्यातलं केसिन हे दुधाचं प्रथिनही रंग धरतं आणि नवशिक्याला ते जीवाणूच वाटतं. आणायचंच तर वरचं निवळ पाणी घ्या.

पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, मात्र या स्लाइडवर कळणार नाही. गालाच्या पेशीला ती नसतेच, जीवाणूची या भिंगाला वेगळी दिसत नाही. त्यासाठी कांद्याचा पापुद्रा आयोडिनमध्ये वेगळा बघा.