धुरावलेल्या टर्कीतली चवळी

अटलांटाला आल्यावर पहिल्याच १ जानेवारीला शेजारच्या आजींनी वाडगाभर चवळी आणून दिली. अमेरिकेच्या दक्षिणेत कितीतरी कृष्णवर्णीय घरांत त्या दिवशी चवळी हवीच. वर्ष भाग्याचं जातं म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर हे कडधान्य तिथे पोचलं. पुढच्या वर्षी मी आजींच्या ओट्याशी उभी राहून शिकले.

आधी मांस, मग चवळी. हा क्रम मोडू नका. टर्कीची (कोंबडीसारखा, पण मोठा पक्षी) एक धुरावलेली, म्हणजे धुरी दिलेली तंगडी दोन लिटर पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर दीड तास उकळू द्या. (आजी पूर्वी डुकराच्या पायाचा धुरावलेला सांधा घालत, तोही उत्तम.) पाणी तपकिरी होतं, घरभर धुराचा वास सुटतो. खरी चव या पाण्यात आहे, म्हणून कुकर नकोच.

मग तेलात परतलेला कांदा, ढोबळी मिरची, सेलरी, चार लसूणपाकळ्या, तमालपत्र, अर्धा चमचा चिली फ्लेक्स आणि धुतलेली अर्धा किलो चवळी घाला. भिजवायची गरज नाही. पाऊण ते एक तासात शिजते. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण मांसच खारट असतं. हाडावरचं मांस सोडवून परत टाका. थोडी चवळी डावाने पातेल्याच्या कडेला चेचली की रस्सा दाटतो.

हळद, गोडा मसाला घालू नका. धुराची चव झाकते. वरून व्हिनेगरवाला हॉट सॉस, सोबत गरम भात, कॉलर्डची (कोबीच्या कुळातली जाड पानं) पालेभाजी आणि कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव.