घरावरनं हेलिकॉप्टर सारखं जातंय? तक्रार टिकेल अशी कशी करायची

हेलिकॉप्टरच्या आवाजाचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात, "दोन मिनिटांचा तर आवाज, एवढं काय त्यात" नाहीतर "बंदच करा सगळं". दोन्हीनं काही हलत नाही. निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा लागला, कुठं जॉयराईड सुरू झाली की कोल्हापुरात ज्यांच्या गच्चीवरनं ती ये-जा होते त्यांनाच त्रास कळतो, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर विचारूच नका. पण तक्रार नीट केली तर फरक पडू शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी कुठल्या हेलिकॉप्टरची तक्रार करायची नाही ते ठरवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं अडकलेली, तेव्हा हेच हेलिकॉप्टर लोकांना आधार होतं. पूर, पेशंट, पोलीस, लष्कर यांच्या फेऱ्या तक्रारीतनं सरळ बाजूला काढा आणि अर्जात तसं लिहा पण. राहिल्या त्या प्रचाराच्या, दौऱ्याच्या, हौसेच्या फेऱ्या. तिथं "बंद करा" न म्हणता वेळ बदला, मार्ग बदला, उतरायची जागा बदला असं मागा. न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं हाच वाद चालू आहे, तिथं 2016 साली महापालिका आणि टुरिस्ट हेलिकॉप्टरवाल्यांचा करार झाला, फेऱ्या टप्प्याटप्प्यानं निम्म्यावर आणायच्या आणि रविवारी उडायचं नाही. म्हणजे आकडा आणि वार ठरवून मागितलं तर मिळू शकतं.

आता नोंदी. इथंच बहुतेक जणांची तक्रार पडते, त्यामुळं हे नीट वाचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. पण हे आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरीत हेलिकॉप्टर गायब होतं. हिशोब करून बघा, तुमच्या गल्लीत एरवी 50 डेसिबल आहे आणि दिवसात एकदाच 2 मिनिटं 80 डेसिबलचं हेलिकॉप्टर गेलं, तर 16 तासांची सरासरी येते 55 च्या जरा आत, म्हणजे कागदावर सगळं ठीक! त्याच एका तासाची सरासरी काढली तर मात्र 65 येते. म्हणून नुसती सरासरी कधीच देऊ नका, प्रत्येक फेरीचा सगळ्यात मोठा आकडा, ती किती सेकंद चालली आणि दिवसात अशा किती झाल्या हे तिन्ही लिहा.

मोबाईलच्या ॲपवर आकडा दिसतो पण तो अंदाजच, कारण प्रत्येक फोनचा माईक वेगळा. अर्जात "मोबाईलवर मोजलेलं" असं स्पष्ट लिहा आणि अधिकृत मोजणीची मागणी करा. आणखी एक, हेलिकॉप्टर खाली उतरताना जो फट-फट-फट आवाज येतो तो एका पात्यानं मागं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यावर पुढचं पातं आपटतं त्याचा असतो. त्याच्याबरोबर जी खोल घरघर असते ती भिंतीतनं आत येते, तावदानं थरथरतात, आणि नेहमीच्या डेसिबल मोजणीत हा खालच्या पट्टीचा आवाज कमीच धरला जातो. त्यामुळं आकड्याशेजारी "खिडकी वाजली", "बाळ जागं झालं" हे पण लिहायचं, ते फालतू नाही.

वहीत तारीख, वेळ, कुठनं कुठं गेलं, एवढं हवंच. व्हिडिओ घ्या तो एका जागी उभं राहून, फ्रेममध्ये पाण्याची टाकी किंवा शेजारची बिल्डिंग येऊ दे म्हणजे उंचीचा अंदाज लागतो. दाट वस्तीवर उडताना जवळच्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा किमान 1000 फूट वर राहायचं असा सर्वसाधारण नियम आहे, चढताना-उतरताना सूट असते. शेपटीवरची व्हीटीनं सुरू होणारी नोंदणीची अक्षरं दिसली तर टिपून ठेवा. आकाशातली विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार ॲपवर बघायला हरकत नाही, पण खालनं उडणारं हेलिकॉप्टर त्यात बऱ्याचदा दिसत नाही.

मग अर्ज कुणाकडं? आकाशातलं काम डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), म्हणजे उंची आणि मार्गाची तक्रार तिकडं, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर नागरी विमान वाहतूक मंत्रालय निवडून टाकता येते. पण हेलिपॅड कुठं करायचं याची परवानगी जिल्हा प्रशासनाकडनं जाते, म्हणून जागेचा आणि वेळेचा अर्ज कलेक्टर ऑफिसला द्या, एक प्रत एसपी ऑफिसला आणि एक उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाला. प्रत्येक ठिकाणी आवक नंबर आणि शिक्का घ्या. दौरा व्हायच्या आधी अर्ज गेला तर जास्त उपयोग, कारण उजळाईवाडीला विमानतळ असताना वस्तीतलं मैदान कशाला, हा प्रश्न तेव्हाच विचारता येतो. उत्तर नाही आलं तर 10 रुपयांत माहिती अधिकार टाका आणि परवानगीची कॉपी मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एकट्यानं अर्ज देण्यापेक्षा तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या लेटरहेडवर द्या, पेठेतल्या पंचवीस घरांच्या सह्या असल्या की साहेब वाचतो तरी. फक्त एक तयारी ठेवा, समोरनं पहिला प्रश्न येणार की विसर्जनाला तुमच्याच मंडळाची डॉल्बी किती होती. माझं स्पष्ट मत आहे, डॉल्बीत जीव हादरतो तो पण त्रासच आहे आणि दोन्हीकडं एकच नियम लावायची तयारी असेल तरच सही करा, नाहीतर तक्रारीचा दमच जातो.

एवढं करून काहीच झालं नाही तर कोर्ट. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, मुंबईच्या चकरा वाचल्या. वकिलाकडं जाताना वहीची झेरॉक्स, व्हिडिओचा पेनड्राइव्ह आणि सगळ्या अर्जांच्या पोच प्रती एका फाईलला लावून न्या, मूळ वही मात्र घरीच ठेवा.